तक्क्यातला न्याय आणि काकीचे सव्वादोन एकर

गेल्या उन्हाळ्यात सामाजिक कार्यकर्त्यांच्या एका प्रशिक्षणाला आम्ही गेलो होतो. विषय होता विधवा महिलांचे जमिनीचे आणि वारसाचे हक्क. दुसऱ्या दिवशी जेवणानंतरच्या सत्रात एका वक्त्यांनी असे मांडले की कोर्टात पिढ्या जातात, वकिलाची फी परवडत नाही, तलाठी भेटत नाही; तेव्हा समाजाच्या परंपरागत न्यायव्यवस्थेलाच हाताशी धरावे. पंच आपल्याच लोकांतले, भाषा आपली, निकाल एका बैठकीत. सभागृहात माना डोलल्या. आमचीही डोलली असती, पण आम्हाला आमची धाकटी काकी आठवली, आणि तिच्या बैठकीत चहा वाटत फिरणारे आम्ही आठवलो.

म्हणून हा लेख. यात दुसऱ्या कुणाचे उणे काढायचे नाही, आमच्याच घरचे काढायचे आहे. सगळ्या बांधवांना ते रुचेल असे नाही.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातले. बौद्धवाड्यात पूर्वी तक्क्या होता. वाड्याचे पंच तिथे बसत. पुढे त्या जागी समाजमंदिर झाले आणि आता विहार आहे. नाव दोनदा बदलले, बैठकीची रीत मात्र तीच राहिली. आजोबांकडे हाडकी-हाडोळ्यातली, म्हणजे महार वतनाची, थोडी जमीन होती. 1958 च्या कायद्याने वतन गेले आणि रक्कम भरून ती जमीन नवीन शर्तीवर परत मिळाली. मागाहून घेतलेली थोडी धरून एकूण पावणेसात एकर. आजोबा गेल्यावर 7/12 वर तिघा भावांची नावे लागली, आजीचे नाव 'इतर हक्क' या रकान्यात गेले आणि दोन्ही आत्यांनी हक्कसोड करून दिला. (आत्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यावर लिहायला आम्हाला अजून तोंड नाही.)

धाकटे काका 2004 च्या पावसाळ्यात विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले. काकी तेवीस वर्षांची, पोरगी दीड वर्षाची. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. काकीच्या बांगड्या कुणी फोडल्या नाहीत, कुंकू कुणी पुसले नाही. बाबासाहेबांच्या लोकांत असले चालत नाही, असे आमच्या वडिलांनी पाहुण्यांना ठणकावून सांगितले होते. आम्हाला तेव्हा वडिलांचा अभिमान वाटला. आजही त्या वाक्यापुरता वाटतो.

त्याच संध्याकाळी बैठक बसली. पाच पंच, पाचही पुरुष. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली सतरंजी. आमचे वडील थोरले, ते एका बाजूला. मधले काका त्यांच्याशेजारी. काकीचा भाऊ समोर. बाया बाहेर पायरीवर. ठरले ते असे. काकीला राहायला खोली द्यायची. दोघा भावांनी दरसाल दोन पोती ज्वारी घालायची. पोरीच्या लग्नाचा खर्च उचलायचा. जमीन दोघा भावांनी कसायची. आणि शेवटी एका पंचाने जोडले, "तिनं दुसरं घर केलं तर मग काय मागायचं न्हाई."

काकीला विचारलेही. एक पंच दाराकडे मान वळवून म्हणाले, "काय गं, मान्य हाय न्हवं?" ती म्हणाली, "मोठी माणसं ठरवतील ते."

चहा झाला. न्याय झाला, असेच सगळ्यांना वाटले. आम्हीही बारावीतल्या अकलेने घरी येऊन आजीला म्हणालो, बघ, कोर्टात गेले असते तर दहा वर्षे लागली असती.

पहिली दोन वर्षे ज्वारी वेळेवर गेली. तिसऱ्या वर्षी उशिरा, चौथ्या वर्षी एकच पोते. तोवर जमिनीत डाळिंबाची बाग उभी राहिली होती. काकी त्या बागेत रोजाने फुटवे काढायला यायची, आणि तिला रोज मिळायचा याचे आमच्या घरात कौतुक होते. 2009 साली तिने दुसऱ्या तालुक्यातल्या एका विधुराशी लग्न केले आणि पोरीला घेऊन गेली. खोलीला कुलूप लागले, ज्वारी बंद झाली. बैठकीतच तसे ठरले होते ना.

आमचे समाजशास्त्राचे एम.ए. त्याच बागेवर झाले. स्त्रिया आणि मालमत्ता या विषयावर आम्ही टिपणे काढली, बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलावर उत्तर लिहिले, बरे गुण मिळवले. बागेतल्या सव्वादोन एकरांची मालकीण कोण, हा प्रश्न दोन वर्षांत एकदाही पडला नाही. ज्या पैशावर आपण शिकतो तो कुणाचा, हे शिकवणारा पेपर आमच्या अभ्यासक्रमात नव्हता म्हणा, किंवा आम्हाला तो द्यायचा नव्हता म्हणा.

2018 साली महामार्गाच्या भूसंपादनाची नोटीस आली. अकरा गुंठे जाणार होते. कागद गोळा करायचे काम शिकलेला पोरगा म्हणून आमच्याकडे आले, आणि जुन्या फेरफारांच्या नकला काढताना 2004 चा वारस फेरफार हाती लागला. त्यात लिहिले होते की खातेदार मयत असून निपुत्रिक आहे, वारस सख्खे भाऊ दोन. खाली पंचांच्या सह्या. त्यातल्या तीन विहारातल्या बैठकीतल्याच होत्या. काकीचे नाव नव्हते. दीड वर्षाची पोरगी त्या कागदावर जन्मलीच नव्हती.

बैठकीत 'निपुत्रिक' हा शब्द कुणी उच्चारला नव्हता, आम्ही तिथे होतो. पण बैठकीत जे गोड बोलून ठरले ते सरकारी कागदावर उतरताना असेच उतरते. खोली, ज्वारी, लग्नाचा खर्च यांतले काहीच फेरफारात येत नाही. येते ती फक्त जमीन.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. तो अवघड नाही, अवघड करून सांगितला जातो. हिंदू उत्तराधिकार कायदा 17 जून 1956 पासून लागू झाला. पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे मुलगे, मुली, विधवा आणि आई. यांतले एक जरी हयात असेल तर भावाला काही मिळत नाही. भाऊ दुसऱ्या वर्गात आहे. पुतणे, म्हणजे आम्ही, त्याच्याही खाली. काका वारले तेव्हा काकी, पोरगी आणि आजी अशा तीन बाया पहिल्या वर्गात हयात होत्या. तिघींचा सारखा हिस्सा. दोघा भावांचा हिस्सा शून्य. यासाठी 2005 ची दुरुस्तीही लागत नव्हती, 1956 च्या मूळ कायद्यातच ते होते. शिवाय कलम 14 प्रमाणे बाईला मिळालेली ही मालमत्ता पूर्ण तिच्या मालकीची. त्याआधी 1937 च्या कायद्याने विधवेला हिस्सा दिला होता, पण हयातीपुरता. ती तो मनाप्रमाणे विकू शकत नव्हती, तिच्यामागे तो नवऱ्याच्या वारसांकडे जायचा.

काही बांधव विचारतात, आपण बौद्ध, हिंदू कायदा आपल्याला का? त्याच 1956 सालच्या 14 ऑक्टोबरला आपण धर्म सोडला, हे खरे. पण कायद्याच्या कलम 2 मध्ये बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे. नाव डोळ्यांत खुपते, आम्हालाही खुपते. पण ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी सप्टेंबर 1951 मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याचाच हा एक तुटलेला, उशिरा मिळालेला तुकडा आहे. नावावर रागावून आपण तो विधवेच्या हातून काढून घेणार असू, तर फायदा कुणाचा होतो हे आमच्या फेरफारात लिहिले आहे.

राहिला दुसऱ्या घराचा मुद्दा. पाटाची बाई पहिल्या घरचे काही नेत नाही, ही आमच्या पंचांच्या मते पूर्वापार रीत. आम्ही तिचा माग काढू लागलो तेव्हा वेगळेच हाती आले. आपल्यासारख्या जातींत विधवेचा पाट, मोहतूर, हे कायम होत आले. उच्च जातींतल्या विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक मिळावी म्हणून 1856 चा कायदा झाला. शाळेत आपण त्याला सुधारणा म्हणून शिकतो. त्याच कायद्याच्या कलम 2 ने सांगितले की पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपला. मग प्रश्न आला की ज्या जातींत पाट आधीपासून चालतोच, ज्यांना या कायद्याची गरजच नव्हती, त्यांच्या विधवेचे काय? मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांगितले की तिचाही हक्क गेला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने याच्या उलट धरले. म्हणजे ज्याला आमचे पंच पूर्वापार रीत म्हणतात, तिच्या पाठीशी इंग्रजी अमदानीतल्या कायद्याचे कलमही उभे आहे. 1956 नंतर ते उरले नाही. नवऱ्याकडून वारसाने आलेली मालमत्ता मागाहून लग्न केले म्हणून जात नाही, हे 2008 साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले. 1856 चा तो कायदा तर 1983 सालीच रद्द झाला. आमच्या तक्क्यात तो 2009 साली जिवंत होता.

याच ठिकाणी आपल्या चळवळीला आम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. 1932 साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी गावच्या पंचांच्या हाती न्यायदान देण्याला विरोध केला. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत त्यांनी खेड्याविषयी काय म्हटले, ते आपल्याला पाठ असते. गावकीच्या पंचायतीवर बोलायची वेळ आली की आपण ते भाषण काढतो. योग्यच आहे. पण ज्या कारणासाठी त्यांचा विरोध होता, म्हणजे न्याय मागणारा दुबळा आणि न्याय देणारे त्याच्याच विरुद्ध हितसंबंध असलेले, ते कारण आपल्या तक्क्यात लागू होत नाही काय? गावकीपुढे आपण दुबळे होतो. तक्क्यापुढे काकी दुबळी होती. पाच पंचांपैकी चौघांच्या घरात कुणी ना कुणी विधवा भावजय, चुलती, सून होती, आणि तिचे नाव 7/12 वर नव्हते. काकीला हिस्सा दिला असता तर उद्या त्यांच्या दारात तोच प्रश्न उभा राहिला असता. असा पंच निःपक्ष असूच शकत नाही, तो कितीही भला असो. आमचे वडील भले आहेत. म्हणूनच हे लिहिताना त्रास होतो.

प्रशिक्षणातल्या वक्त्यांनी केनियाचे उदाहरण दिले होते. ते खोटे नाही. पश्चिम केनियात लुओ समाजात नवरा मेल्यावर, विशेषतः एचआयव्हीने मेल्यावर, बाईला जमिनीवरून आणि घरातून हाकलून देण्याचे प्रकार होत. तिथल्या कायदेविषयक संस्थांनी त्या समाजाच्या वडीलधाऱ्या पंचांनाच हाताशी धरले आणि त्यांच्या बैठकीतून विधवांना पुन्हा जमिनीवर बसवले. पण यातली अर्धीच गोष्ट सभागृहात सांगितली गेली. उरलेली अर्धी अशी की त्या पंचांना आधी राज्यघटना आणि मानवी हक्क शिकवले गेले. केनियाच्या 2010 च्या राज्यघटनेच्या कलम 159 मध्ये पारंपरिक तंटा निवारणाला उत्तेजन आहे, आणि त्याच कलमात पुढे अट आहे की त्याने मूलभूत हक्कांचा भंग होता कामा नये. तिथले पंच बाईचा हक्क किती हे ठरवायला बसत नाहीत. तो तिला आहे हे गृहीत धरून तो तिच्या हाती कसा पडेल, हे पाहायला बसतात. आमच्या तक्क्यातले पंच हक्कच ठरवायला बसले होते. दोन्हीला परंपरागत न्याय हे एकच नाव दिले की फरक दिसेनासा होतो.

फेरफार हाती आल्यावर आम्ही वडिलांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बैठकीनं ठरवलं हुतं." आम्ही विचारले, निपुत्रिक हेही बैठकीनं ठरवलं होतं का? त्यावर ते उठून बागेत गेले. तीन-चार महिने घरात बोलणे फक्त जेवायला वाढण्यापुरते राहिले. आई मध्ये पडली नाही. ती एवढेच म्हणाली की मी उद्या मागं राहिले तर माझं नाव लावशील ना रं?

काकीला शोधून काढून कागद दाखवला तेव्हा तिला आनंद झाला असे नाही. ती घाबरली. नव्या घरच्यांना वाटेल ही जमिनीसाठी परत जुन्या घरी जाते, ही तिची पहिली काळजी. दुसरी काळजी, आमचे घर फुटेल. सही करायला तिने दोन महिने घेतले. पोरगी तेव्हा दहावीच्या वर्गात होती. तिने एका बैठकीत सगळे समजून घेतले आणि विचारले, "मी निपुत्रिक कशी काय?" आम्हाला हसूही आले नाही.

मोबदल्याच्या रकमेवर आम्ही काकीतर्फे हरकत दिली. म्हणजे आमच्याच वडिलांचा चेक आम्ही अडवला. भावकीत याला काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखे नाही. फेरफाराविरुद्ध प्रांतांकडे अपिलाची मुदत 60 दिवसांची. आम्ही 2019 साली, पंधरा वर्षांनी गेलो, तेव्हा उशीर माफ करण्याचा अर्ज आधी द्यावा लागला. वडील प्रतिवादी क्रमांक एक, मधले काका क्रमांक दोन. मग कोरोनात कचेरी बंद. तारखा पडत गेल्या. कोर्टकचेरीला वेळ लागतो हे वक्त्यांचे म्हणणे चूक नाही, आम्ही ते भोगले आहे. पण 2022 साली आदेश झाला. तो होण्याआधी वडिलांनी लेखी जबाब दिला की मयत भावास पत्नी व एक मुलगी असून वारस नोंद चुकीची झाली आहे. कुणी सांगितले म्हणून दिला नाही. वकिलांना विचारून स्वतः टाइप करून घेतला आणि सही करताना आम्हाला बरोबर येऊ दिले नाही.

नावे लागली. आजी 2011 सालीच गेली होती, तिच्या हिश्शाचा हिशेब अजून चालू आहे, तो निराळा. पण काकी आणि पोरगी 7/12 वर खातेदार म्हणून आल्या, 'इतर हक्कात' नव्हे. मोबदल्यातला त्यांचा भाग त्यांना मिळाला. आम्हाला वाटले संपले.

त्याच वर्षी मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. चांगले झाले. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे यांत माणुसकी नाही. आमच्या विहारात त्यावर टाळ्या वाजल्या, आम्ही लोक हे आधीच सोडून बसलो आहोत असे भाषण झाले. आम्ही मागे बसून काकीच्या 2004 मधल्या शाबूत बांगड्यांचा विचार करत होतो. बांगडी न फोडणे फुकट असते. त्यात कुणाचे गुंठे जात नाहीत. जो समाज बांगडीवर ठराव करतो त्याने पुढच्याच बैठकीत गावातल्या किती विधवांची नावे 7/12 वर आहेत याची यादी वाचावी, एवढेच आमचे म्हणणे. आम्ही आमच्या विहारात ती यादी मागितली तेव्हा विषय पुढच्या बैठकीवर गेला.

आणि 2023 च्या मृगात काकी पहिल्यांदा आपल्या सव्वादोन एकरात पाय ठेवायला आली तेव्हा मधल्या काकांनी बांधावर काटे टाकले होते. रस्ता बंद. मोटारीच्या पेटीला कुलूप. "नाव कागदावर लागलंय, जा मग कागदावर पेरा," असे ते म्हणाले. पोलिसांनी दिवाणी बाब म्हणून हात झटकले. अडवलेल्या रस्त्यासाठी मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे अर्ज करता आला असता, पण तारीख पडेपर्यंत पेरणी निघून गेली असती. पाण्याच्या पाळीचीही तीच अडचण होती.

तेव्हा आम्हीच विहारात बैठक बोलावली. होय, तीच बैठक, जिच्याविरुद्ध इथवर लिहीत आलो. फरक एवढा केला. सात पंच, त्यातल्या चार बाया. मधल्या काकांच्या बांधाला बांध असलेला कुणी नाही. वहीत पहिल्या ओळीत लिहून घेतले की हिस्सा किती हा विषय या बैठकीचा नाही, तो ठरलेला आहे. रस्ता, पाणी आणि बांध एवढ्यावरच बोलायचे. त्यावरूनच पहिला तास भांडण झाले. एका जुन्या पंचांना वाटले आमची पतच काढून घेतली. ते म्हणाले, हिस्सा आम्ही ठरवायचा न्हाई तर मग पंच कशाला? त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. एकाने धमकीही दिली की असल्या घरच्या कार्याला कोण येतंय बघू. त्याला आम्ही 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा वाचून दाखवला, तीन वर्षे कैद आणि एक लाख दंडापर्यंतचा. तो बसला.

मधले काका एकच धरून होते. "तिनं दुसरं घर केलं. आता ती आपली न्हाई."

यावर आम्ही 2008 चा निकाल काढणार होतो. त्याआधी पंचांतली एक म्हातारी बोलली. 2004 साली ती पायरीवर बसलेल्या बायांत होती. ती म्हणाली, "तुझी आई तरी पाटाचीच हुती न्हवं रं? तिला तुझ्या बापानं परकी म्हनली का कदी?" आजी पाटाची होती हे आम्हाला, तिच्या नातवाला, वयाच्या पस्तिशीनंतर त्या दिवशी कळले. वडिलांना माहीत होते. मधल्या काकांनाही. घरात ते बोलले जात नव्हते एवढेच. काका खाली बघत राहिले.

रस्ता उत्तरेच्या बांधावरून ठरला, बैलगाडी जाईल एवढा. पाण्याची पाळी आठवड्यातून दोन दिवस. काटे दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले, आणि ते काढायला वाड्यातले दहा-बारा जण गेले, त्यात बाया जास्त. हे काम कुठल्याही कोर्टाने एका दिवसात केले नसते. ते आम्ही मान्य करतो. पण हातात आदेश नसता तर हीच बैठक काकीला पुन्हा दोन पोती ज्वारी देऊन मोकळी झाली असती, हेही आम्ही जाणतो. ते सात पंचही मनात जाणतात.

त्या वर्षी काकीने बाजरी केली. पाऊस कमी, उतारा बेताचा. पोरगी आता कॉलेजात आहे, सुट्टीत येते. वडील तिच्या बांधापर्यंत जातात, आत जात नाहीत. काकीशी त्यांचे बोलणे अजून माझ्यामार्फतच चालते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. विहिरीवरच्या मोटारीचे बिल आले होते, त्याच मोटारीचे. म्हणाली, "बाळा, बिलात माझा हिस्सा किती निघतो ते दादांना विचारून सांग. पैसे लावून देते."